हिरवा कागद

सोलापूरला पाऊस म्हणजे पाहुणाच, जून-जुलैत नुसतं आभाळ दाखवतो आणि मनावर घेतो ते सप्टेंबरात. तसा दोन दिवस लागून पडला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरामागं लॉनवर ही पांढरी मंडळी हजर. आदल्या संध्याकाळी इथं काही नव्हतं हां.

आई म्हणाली, कुत्र्याची छत्री ती, हात लावू नको. शेजारच्या काकूंचं माहेर कोकणातलं, त्या म्हणाल्या, अगं आमच्याकडं पावसाळ्यात अळंब्या विकायला येतात, लसूण टाकून शिजव, लसूण काळा नाही पडला की बिनधास्त खा. तर आधीच सांगते, लसूण, चांदीचं नाणं, किडीनं खाल्लंय म्हणजे चालतं, हे सगळं खोटं. विषारी अळंबीतही लसूण पांढराच राहतो. आणि आईचंही पूर्ण खरं नाही, नुसता हात लावून काही होत नाही.

जवळून बघा. टोपी ताटलीएवढी, मधोमध तपकिरी खवले, ज्वारीच्या भाकरीवर करपल्याचे डाग असतात ना तसे. दांड्याला कडं, ते बोटानं वरखाली सरकतं. खालचे पापुद्रे कोवळेपणी पांढरे, इथंच खायची समजून माणूस फसतो.

म्हणून बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या पिठासारख्या बारीक बियांचा, ठसा घ्यायचा. दांडा कापायचा, टोपी पापुद्रे खाली करून कागदावर ठेवायची, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसणारच नाहीत, आणि वर पातेलं पालथं. पहिल्या रात्री मी न उघडलेली कळीच ठेवली, कागद कोरा. दुसऱ्या रात्री पूर्ण उघडलेली. सकाळी पातेलं उचललं तर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघा, रंग मळकट हिरवा, सुकलेल्या मेंदीच्या पानासारखा. हिरवे बीजाणू फार थोड्या अळंब्यांचे असतात. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, खाल्ली की काही तासांतच उलट्या-जुलाबानं माणूस आडवा.

काकूंना कागद दाखवला. आमची अशी नसते, म्हणाल्या. कशी असेल, वाळवीच्या वारुळावर येते ती टर्मिटोमायसिस, तिचा दांडा मुळासारखा खाली थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो आणि ठसा गुलाबीसर पडतो.

कुंडीत पिवळीधमक येते ती ल्युकोकोप्रिनस, झाडाला त्रास नाही, राहू द्या, खाऊ मात्र नका. शेणखतावरची एक जात तर दुपारपर्यंत काळी शाई होऊन वितळते. आणि अमानिटा नावाच्या अळंब्यांच्या गटातल्या काही जातींचं विष सहा-बारा तास गप्प बसतं, मग लिव्हर धरतं, शिजवूनही जात नाही, म्हणून फोटो बघून ॲपनं सांगितलेल्या नावावर मी तरी भाजी करणार नाही.

लॉनवरच्या सगळ्या काढल्या, शेजारचं पोर तिथं रांगतं. कागद फ्रिजवर लावलाय. आई रोज म्हणते, ती घाण काढ तिथनं.