दहा बाय बाराच्या खोलीतला स्टिरिओ

(दृश्य : टेबलावर मॉनिटर. एक स्पीकर खिडकीच्या कट्ट्यावर, दुसरा खाली सीपीयूच्या शेजारी. तानपुरा वाजतो आहे.)

कॉम्प्युटरला स्पीकर दोन आहेत, गाणंही स्टिरिओ आहे. पण ऐकू येतो तो खिडकीच्या बाजूने येणारा एकच आवाज. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो नवीन साउंड कार्ड घेण्याचा. हा खर्च आधी करू नका. अलीकडच्या मदरबोर्डवरची ऑडिओ चिप क्वचितच मुख्य दोषी असते. आवाज बिघडतो तो स्पीकरपाशी, तारांमध्ये आणि खोलीत.

सुरुवात जागेपासून. दोन्ही स्पीकर एकाच उंचीवर, ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या रेषेत. दोघांमधलं अंतर जेवढं, तेवढंच प्रत्येकापासून डोक्यापर्यंतचं. टेबलावर हे अंतर साधारण एक मीटर ठेवता येतं. तोंडं किंचित आत वळवा आणि स्पीकर स्क्रीनच्या थोडे पुढे आणा. टेबलावर थेट ठेवले तर आवाज लाकडावर आपटून कानाशी उशिरा पोचतो आणि गळा डब्यातून आल्यासारखा लागतो. खाली पंधरा-वीस सेंटिमीटरचा भक्कम ठोकळा दिला की फरक लगेच कळतो.

तपासायला जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. एखादं नाट्यपद किंवा पन्नासच्या दशकातलं चित्रपटगीत. गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, एका ठिपक्यातून आला पाहिजे. तो खोलीभर पसरला आणि डग्ग्याचा घुमारा गायब झाला, तर एका स्पीकरची तार उलटी लागली आहे.

(दृश्य : पेन्सिल सेल, स्पीकरची उघडी टोकं. कोनचा जवळून शॉट.)

तारेवरची खूण पुसली असेल तर अॅम्प्लिफायर सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर स्पीकरला टेकवा. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला, तर सेलचं धन टोक ज्या तारेला आहे ती स्पीकरची धन तार.

आता घरघर. माउस हलवताना किंवा पान सरकवताना चिरचिर ऐकू येत असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून पिन काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची बारीक तार मदरबोर्डवरून, ग्राफिक्स कार्डाच्या जवळून जाते आणि वाटेत सगळं उचलते.

सतत चालणारा जाडसर हम् वेगळा. त्याचं मूळ बहुतेकदा अर्थिंगमध्ये असतं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. भिंतीतल्या सॉकेटला अर्थ नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतं. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून हाताला फक्त झिणझिण्या येतात. पण तोच प्रवाह ऑडिओ केबलच्या जाळीतून अॅम्प्लिफायरमध्ये शिरतो. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या : फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थ ठीक असूनही हम् राहिला तर कॉम्प्युटर आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. हम् जावा म्हणून तीन पिनांपैकी अर्थची पिन कापणं हा उपाय नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज स्वच्छ झाला तर दोष चार्जरच्या बाजूने, ग्राउंडमधून, म्हणजे समाईक शून्य तारेतून, येतो आहे. तो घालवायला यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा सिग्नल करणारी छोटी डबी) घेतला तरी ग्राउंड त्याच केबलमधून पुढे जातं, हे लक्षात ठेवा. मशीनला ऑप्टिकल (आवाज प्रकाशातून नेणारं) आउटपुट असेल तर उत्तम. तिथे विजेचा जोड उरतच नाही. मागच्या जॅकमध्येच सळसळ असेल तेव्हा मात्र हजार रुपयांच्या आसपासचा यूएसबी डॅक पैसे वसूल करतो.

(दृश्य : छोटा अॅम्प्लिफायर बोर्ड, शेजारी लॅपटॉपचा जुना चार्जर.)

खरा पैसा खर्च करायचा तो इथे. छोट्या टू-पॉइंट-वन संचात (दोन उपग्रह स्पीकर आणि बेससाठी एक वूफर) उपग्रह स्पीकर इतके लहान असतात की गळ्याच्या खालच्या पट्टीचा बराचसा भाग वूफरकडे जातो आणि स्टिरिओ फाटतो. त्याऐवजी जुन्या डेकचे किंवा बुकशेल्फ प्रकारचे दोन लाकडी स्पीकर आणि टीपीए ३११६ डी २ या अॅम्प्लिफायर चिपचा बोर्ड घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून असे बोर्ड शोधता येतात.

जुने स्पीकर घेताना कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद दाबा. खरखरलं तर आतली कॉइल घासते आहे, सोडून द्या. कडेचा फोम चुरा होत असेल तर तो बदलता येतो, पण किमतीत ते धरा. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहा-सात ओहम दाखवतो.

ही चिप ४.५ ते २६ व्होल्टवर चालते. १२ व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला नऊ वॉटच्या आसपास मिळतात, लॅपटॉपच्या १९ व्होल्ट चार्जरवर सुमारे वीस. एक मीटरवरून ऐकायला वीस वॉट भरपूर झाले. मात्र बोर्डवरच्या कपॅसिटरवर २५ व्होल्ट छापलं असेल तर २४ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका, अंतर फार कमी राहतं. चार्जरच्या टोकाची धन-ऋण बाजू आधी मीटरवर पाहा. काही चार्जरांत मधली बारीक पिन फक्त ओळख पटवण्यासाठी असते, वीज तिच्यातून येत नाही.

आणि सर्वांत महाग पडणारी चूक : दोन स्पीकरांच्या ऋण तारा एकत्र जोडणं. या चिपमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं सक्रिय असतात, एकही ग्राउंड नसतं. जोडल्या तर बोर्ड जळू शकतो.

तारेसाठी ४०/३६ ची (३६ गेजच्या ४० बारीक तारांची) साधी तांब्याची दुपदरी वायर पुरते. तीन मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०९ ओहमच्या आसपास, म्हणजे आठ ओहमच्या जेमतेम एक टक्का. महागड्या केबलचे पैसे स्पीकरमध्ये घाला.

स्वस्त बोर्डचा व्हॉल्यूम नॉब सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही बाजू सारख्या उघडत नाही, गायक एका बाजूला सरकतो. नॉब मध्यावर ठेवा आणि आवाज विंडोजमधून कमी करा. विंडोजच्या साउंड सेटिंगच्या खिडकीत आउटपुट २४ बिटवर असेल तर त्याने गाण्याचं नुकसान होत नाही. त्याच खिडकीत, संगीत सीडीवरून उतरवलेलं असेल तर ४४,१०० हर्ट्झ निवडा, आणि आभासी सराउंड, बेस बूस्ट असले परिणाम एकेक करून बंद करा.

(दृश्य : रिकामी खोली, मोजपट्टी.)

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ध्वनी ५६ आणि ४७ हर्ट्झला स्वतःच साचतो. हे आकडे भिंतींमधल्या अंतरावरून येतात. भिंतीला पाठ लावून बसलात तर बेस गुरगुरतो, बरोबर मध्ये बसलात तर तोच नाहीसा होतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या. गादी, पडदे, गोधड्या वरचे सूर शोषतात; बेसला त्यांचा उपयोग नाही, भिंतीवर चिकटवायच्या पातळ फोमचाही नाही.

उरलेला साचलेला बेस इक्वलायझर एपीओ या मोफत प्रोग्रॅमने उतरवता येतो. ४० ते १२० हर्ट्झपर्यंत टोन (एकच शुद्ध सूर) हळूहळू चढवा, खोली जिथे एकदम घुमेल तो आकडा लिहा, तिथे पाच-सहा डेसिबल कमी करा, क्यू (कपातीचा पट्टा किती अरुंद ते) चारच्या आसपास. जिथे आवाज बुडतो तिथे वाढवू नका. तो खोलीच खाते आणि अॅम्प्लिफायरचा आवाज मात्र फाटतो. बदल करूनही काही फरक ऐकू आला नाही तर दोन जागा पाहा : विंडोजमध्ये सगळे ऑडिओ परिणाम एकदम बंद केले असतील तर हा प्रोग्रॅमही बंद पडतो, आणि प्लेअर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये असेल तर गाणं त्याला वळसा घालून थेट डॅककडे जातं.