घरची लक्ष्मी आणि हातातला माईक

नमस्कार सोलापूरकर, निवडणुका आल्या की स्टेजवर बायका पण जोरात बोलतात, बाईचं खरं राज्य घरात, संस्कार जपा, तो स्त्रीवाद बिद आपल्याला नको, आणि हे सगळं हजार लोकांसमोर माईक धरून. मला त्यांचा राग येत नाही, बोलतात तर जबरदस्त. पण हा माईक बाईच्या हातात यायला कोण कोण भांडलं, हे पण त्यांनी सांगावं असं मनापासून वाटतं.

"हम भारत की नारी हैं, फूल नहीं चिंगारी हैं" ऐकलंय ना? स्त्री चळवळीतली घोषणा ही. 1987 ला राजस्थानात देवराळ्याचं सती प्रकरण झालं, त्यानंतर सतीची बाजू घेणाऱ्या बायकांनी हीच घोषणा दिली, आणि वर म्हणाल्या सती जाणं हा आमचा हक्क. मला हे आजही सहन होत नाही.

अमेरिकेत स्त्रीवादाला विरोध करणाऱ्या फिलिस श्लाफ्ली बाईंनी स्त्री-पुरुष समान हक्काची घटनादुरुस्ती अडवली, 1972 ला संसदेत पास झालेली, 38 राज्यांची मंजुरी लागत होती, 1982 पर्यंतच्या मुदतीत तेवढी राज्यं झालीच नाहीत. स्वतः बाई निवडणुका लढलेल्या, त्या लढाईतच वकिलीची डिग्री घेतलेली. तरी हजारो गृहिणी त्यांच्यामागं का गेल्या? कारण भीती खरी होती हो, नवऱ्यानं सोडलं तर आयुष्यभर घरात राबले त्याचं मोल कोण देणार. घरकामाचं मोल स्त्रीवादी बायका पण मागत होत्या, पण त्या गृहिणींना ते आपलं वाटलं नाही, ही चळवळीची उणीवच.

राष्ट्र सेविका समिती, म्हणजे संघाच्या विचाराची बायकांची संघटना, 1936 पासूनची, अहिल्यादेवींना कर्तृत्वाचा आदर्श मानते, आपल्या विद्यापीठाला पण त्यांचंच नाव. मग 1754 ला नवरा खंडेराव गेले तेव्हा सासऱ्यांनी अडवलं, अहिल्यादेवी सती गेल्या नाहीत आणि पुढं राज्य चालवलं, हे पण स्टेजवरून मोठ्यानं सांगा की.

आणि घर की बाहेर, हा वाद आपल्या पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बाईला कसा लावणार? मांडीवर सूप, घरातच बसून हजार बिड्यांमागं मजुरी, मध्येच स्वयंपाक, लेकरं. ती घरात पण आहे आणि कामगार पण आहे. कुंभारीला 2006 ला बिडी कामगार बायकांना 10,000 घरं मिळाली, ती लाल झेंडा घेऊन वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून.

तर पुढच्या सभेत कुणी ताई घरची लक्ष्मी म्हणाल्या की आदरानं विचारा, ताई, घराच्या उताऱ्यावर या लक्ष्मीचं नाव कधी लागणार, आणि बिडीच्या मजुरीवर तुमचा पक्ष काय करणार?