एका चादरीवर एकच रायफल

मंडळी, रायफल सोबत आणलेली नाही. आणताही येत नाही, कायदा आहे. त्यामुळे हा लाकडी ठोकळा, टेबलावरचं हे पाण्याचं भांडं आणि माझे दोन हात, एवढ्यावर भागवून घेऊ. मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर पुढे सरका, खुर्च्या रिकाम्या आहेत.

माझी नोकरी आर्मररची, म्हणजे हत्यारांच्या मिस्त्रीची. युद्धाच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे बिघडलेल्या रायफली यायच्या. त्यातल्या पुष्कळशा गोळीबाराने बिघडलेल्या नसायच्या, सफाईने बिघडलेल्या असायच्या. हे ऐकून नवे अधिकारी हसायचे. वर्षभराने तेच पाठवलेल्या रायफलीसोबत चिठ्ठी लिहायचे, की जवानाने जरा जास्तच साफ केली आहे.

मी बोलणार आहे एसएलआरबद्दल, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, आपोआप पुढची गोळी भरणारी. 1962 मध्ये चीनसमोर आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते, प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने ओढत. त्या युद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातून ही 7.62 मिलिमीटरची रायफल येऊ लागली. मूळ आखणी बेल्जियमची. मॅगझिनमध्ये 20 गोळ्या, घोडा दाबाल तितक्या वेळा एकेक सुटणार. पुढे इन्सास आली, ती तर आपल्या पुण्यात, पाषाणला आखलेली. पण हात ज्या हत्यारावर बसला ते विसरत नाही, माझा एसएलआरवर बसला.

आता हाताने न ओढता बोल्ट मागे जातो कसा? गोळी नळीतून जाताना तिच्यामागचा थोडा गॅस वरच्या भोकातून बाहेर येतो आणि पिस्टनला धक्का देतो. पिस्टन ज्याला ढकलतो तो कॅरियर, आणि कॅरियरच्या पोटात बसलेला असतो ब्रीच ब्लॉक. गोळी सुटते तेव्हा मागचं दार या ब्लॉकने बंद ठेवलेलं असतं. आपल्याकडे दाराला आतून तिरकी काठी टेकवतात ना, बाहेरून कितीही ढकला, दार हलत नाही? अगदी तसंच. ब्लॉकचं शेपूट खाली झुकतं आणि बॉडीतल्या एका पोलादी खांद्याला टेकतं. कॅरियर मागे सरकला की तो शेपूट उचलतो, काठी निघते, दार उघडतं, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. ही काठी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

खोलायची कशी? आधी मॅगझिन काढायचं, मग कॉकिंग हँडल ओढून चेंबर बघायचं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा. नुसतं डोळ्याने नाही, करंगळी घालून. अंधारात डोळा फसतो, करंगळी फसत नाही. मग बॉडीचा खटका दाबला की रायफल मधून मोडते, जुन्या दुनळी बंदुकीसारखी. वरचा पत्रा मागे ओढून काढायचा, आणि कॅरियरला मागे जी लांब सळई असते तिला धरून कॅरियर आणि ब्लॉक जोडीने बाहेर. सळईला आम्ही उंदराची शेपटीच म्हणायचो. फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडाला ठोका देणारी सुई, तिच्या मागच्या टोकावर अंगठा दाबायचा, ब्लॉकचं पुढचं तोंड उचलायचं, दोघे सुटे होतात.

आता ही फायरिंग पिन. तिच्यावर स्प्रिंग असते आणि एका आडव्या बारीक पिनेने ती अडकवलेली असते. अंगठ्याने आत दाबून धरायचं, आडवी पिन बाहेर ढकलायची, आणि अंगठा हळूहळू सोडायचा. हळूहळू! नव्या पोराने अंगठा एकदम सोडला की स्प्रिंग तंबूच्या पलीकडे. मग सगळी तुकडी रांगत शोधणार, आणि उस्ताद जे काही बोलणार ते इथे बहिणी बसल्या आहेत म्हणून सांगत नाही. ती आडवी पिन तर गव्हाच्या दाण्यासारखी, वाळूत गेली की गेलीच.

इथे थांबायचं. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढणारी ती नखी, जवानाने काढायची नाही. तिच्या मागची स्प्रिंग भयंकर कडक असते, तिला वेगळं अवजार लागतं, ते आर्मररकडे. तरी कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालणारच. नखीचं टोक उडालं की ती रायफल माझ्या टेबलावर.

ब्लॉकच्या तोंडावर काजळी बसते, नखीखाली बसते, पिनेच्या भोकात बसते. चिंदीला तेल लावून ओलं करायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग पुसायचं. घासकागद नको, वीट नको. वीट म्हटल्यावर हसलात, पण तपासणीच्या आदल्या रात्री विटेची भुकटी लावून कॅरियर चांदीसारखा करणारी पोरं मी पाहिली आहेत. सरकणाऱ्या भागांचं माप केसाएवढ्या फरकाचं असतं. चकाकी आली म्हणजे धातू गेला. सफाई तपासायची तर पांढरी चिंदी फिरवा, चमक बघू नका.

मघाशी या कॅडेटने विचारलं, नाहीच साफ केली तर काय होईल? बेटा, त्याचं उत्तर अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये फार महाग दराने घेतलं. त्यांच्या एम सिक्स्टीन रायफलीत वेगळा पिस्टन नाही. गॅस एका नळीतून थेट कॅरियरच्या पोटात येतो, म्हणजे धूर स्वयंपाकघरातच. यूजीन स्टोनर या माणसाची ती आखणी, वजनाला हलकी, डोकं लावून केलेली. पण 1964 मध्ये गोळीतली दारू बदलली. नव्या दारूची काजळी जास्त, आणि रायफलीचा गोळ्या झाडायचा वेगही तिने वाढवला. वर जवानांमध्ये समज असा, की ही रायफल साफ करावी लागत नाही. सफाईचं सामान पुरेसं दिलंच नाही. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि हवा तिथली दमट. पुंगळी चेंबरमध्ये चिकटायची, नखी तिची कड फाडून रिकामीच मागे यायची. मग पुढून नळीत गज घालून पुंगळी ठोकून काढायची, समोर शत्रू असताना. 1967 मध्ये त्यांच्या संसदेच्या उपसमितीने चौकशी करून कडक अहवाल दिला. चेंबरला क्रोम आला, सामान आलं, आणि 1968 मध्ये जवानांना चित्रकथेच्या रूपात सफाईची पुस्तिका वाटली. चित्रं पाहून पोरं वाचतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

एसएलआरचा पिस्टन वेगळा, म्हणून आमच्या कॅरियरमध्ये एवढी घाण येत नाही. तिची तक्रार वाळूशी. ब्रिटिशांनी तर याच रायफलीच्या कॅरियरवर खाचा पाडून घेतल्या, वाळू तिथे सरकावी म्हणून. शिवाय पुढे गॅसचा रेग्युलेटर असतो. रायफल अडखळली की तो फिरवून जास्त गॅस द्यायचा, लढाईत ते बरोबरच. पण छावणीत परतल्यावरही तो तसाच ठेवून सफाई टाळणारे असतात. त्यांची रायफल मी नुसती हातात घेऊन ओळखायचो.

आता त्या काठीकडे. ती तिरकी काठी किती लांब असावी, हे प्रत्येक दाराचं वेगळं. कारखान्यात रायफल जोडताना त्या पोलादी खांद्याची वेगवेगळी मापं हाताशी असतात. या बॉडीत, या ब्लॉकला जे माप बसेल ते घालतात. म्हणून ब्लॉक आणि कॅरियरवर रायफलीचाच नंबर कोरलेला असतो.

एकदा फायरिंगहून परतल्यावर पाऊस लागला. एका ताडपत्रीखाली दोन पोरं, एकाच चादरीवर दोन रायफली खोलून बसलेली, गप्पा मारत. सकाळी त्यातला एक माझ्याकडे आला. म्हणाला, उस्ताद, कॅरियर पूर्ण पुढे जात नाही, मी जोडताना काही चुकलो का? मी रायफल उघडली, ब्लॉक काढून उजेडात धरला. बॉडीवरच्या नंबराचा शेवट सातने, ब्लॉकवरचा चारने.

त्याची रायफल बंदच होत नव्हती, म्हणजे तिच्यातून धोका नव्हता. मी त्याला एवढंच विचारलं, "काल शेजारी कोण बसलं होतं?"

कारण त्या दुसऱ्याची रायफल छान बंद होत असणार, जरा जास्तच छान. काठी आखूड, दार सैल. अशा सैल दारात पुंगळीला मागून आधार उरत नाही, ती मध्येच फाटते आणि गॅस जवानाच्या तोंडाकडे येतो. त्याला तक्रार करायला काही कारणच नव्हतं, आणि तो सकाळच्या फायरिंगला रांगेत उभा होता. कोतपासून, म्हणजे हत्यारांच्या कोठारापासून, रेंजपर्यंत अर्धा मैल असेल. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, पण तसा धावलो नाही पुन्हा कधी.

पोहोचलो तेव्हा त्याच्यापुढे अजून दोघे होते. रायफल घेतली, मॅगझिन काढलं, करंगळी घातली, मग उघडली. शेवटी सात.