खुब्याची उथळ वाटी आणि छोटा छेद

नमस्कार श्रोतेहो. सोयाबीनचं निंदण असो की कापसाची वेचणी, दुपार कलली की जांघेत कळ येते. धुऱ्यावरून उतरताना पाय दगा देतो. कुठं दुखतं विचारलं, तर माणूस अंगठा मागे अन् बोटं पुढे अशी पंजाची पकड खुब्यावर ठेवून दाखवतो. विशी-तिशीत असं दुखत असेल, तर ‘वात’ म्हणून तेल चोळत बसू नका. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो, ती खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ असू शकते.

त्यासाठी उभ्यानं काढलेला एक्स-रे लागतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर वाटीचं छप्पर किती येतं, ते कोनात मोजतात. 25 अंशांच्या वर असेल तर ठीक, 20 च्या खाली असेल तर वाटी उथळ. मधल्या आकड्यांवर डॉक्टरांचंही एकमत होत नाही. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आधी तपासायची, ती म्हणजे सिकलसेल, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. त्यात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळाच खचतो. दुखणं सारखंच, पण उपचार अगदी निराळा. म्हणून रक्ततपासणी आणि एमआरआय टाळू नका.

आता शस्त्रक्रिया. दुर्बिणीची म्हटली की सगळ्यांना बरं वाटतं: दोन-तीन छिद्रं, लवकर घरी. पण वाटीच्या काठाची कूर्चा, म्हणजे तिथली रबरासारखी कडा, फाटते ती छप्पर अपुरं असल्यामुळे, कारण सगळा भार त्या काठावर येतो. नुसती कूर्चा शिवली तर भार तिथंच राहतो आणि टाका पुन्हा उसवतो. सांध्याची पिशवी उघडून नीट शिवली नाही, तर खुबा आणखी सैल होतो. वाटी खरोखर उथळ असेल, तर एकट्या दुर्बिणीवर भरवसा नको.

मूळ इलाज वाटी फिरवण्याचा. 1984 मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये सर्जन गांझ यांनी ही पद्धत सुरू केली. वाटीभोवतीचं हाड कापून सुटं करायचं, गोळ्यावर झाकण येईल असं वळवायचं आणि स्क्रूनं बसवायचं. कटीच्या हाडाचा मागचा खांब अखंड ठेवतात, त्यामुळे कंबर डगमगत नाही. पुढे डेन्मार्कमध्ये हेच काम सुमारे 7 सेंटिमीटरच्या छेदातून होऊ लागलं. स्नायू तोडायचे नाहीत, तंतूंच्या दिशेनं बाजूला सारायचे आणि चालत्या एक्स-रेवर बघत हाड कापायचं. छेद छोटा झाला म्हणून हाडाचं काम छोटं होत नाही, हे मात्र ध्यानात घ्या.

सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांवरचं आतलं गुळगुळीत अस्तर, शाबूत असेल, तरच याचा उपयोग. वय साधारण चाळिशीच्या आत. सांधा झिजला असेल तर सांधेबदलच.

नंतरचे सहा ते आठ आठवडे कुबड्या. त्या पायावर फार तर 15-20 किलो भार. हा अंदाज येण्यासाठी वजनकाट्यावर पाय दाबून पाहा, काटा 20 वर गेला की थांबा. उकिडवं बसणं बंद, कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. मांडीची बाहेरची बाजू बधिर वाटते, ती बहुधा हळूहळू सुधारते. पोटरी सुजून दुखली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि खर्रा. तंबाखूमुळे हाडाकडे जाणारं रक्त कमी होतं अन् कापलेलं हाड जुळत नाही. शस्त्रक्रियेआधी किमान सहा आठवडे बंद, आणि एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसेपर्यंत बंदच.