सरकणारी कातडी

[दृश्य: ओली माती. कुदळीचं पातं ढेकळात शिरतं. ढेकूळ फुटतं, आत वळवळणारं गांडूळ.]

घाव मातीवर घातला होता, कड लागली गांडुळाला.

गांडूळ तोडलं की एकाची दोन होतात, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. बहुतेक जातींच्या बाबतीत ते खरं नाही. डोक्याकडचा भाग तगला तर त्याला नवं शेपूट फुटू शकतं. शेपटाचा तुकडा मात्र सहसा काही काळ वळवळतो आणि संपतो. पण शेपूट नंतरचं. आधी जखम बुजायला हवी.

आणि घाई आहे. गांडुळाला फुप्फुसं नाहीत. ते ओलसर कातडीतूनच श्वास घेतं. शिवाय अंगात द्रवाने भरलेली पोकळी असते, तिच्या दाबावर त्याचं सरपटणं चालतं. बरं, ही पोकळी आडव्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत वाटलेली, म्हणून एका छिद्राने सगळं गांडूळ रितं होत नाही.

[दृश्य: जखमेची कड, जवळून.]

पहिली हालचाल स्नायूंची. अंगाभोवतीचे वर्तुळाकार स्नायू आकसतात, नाडी ओढलेल्या पिशवीसारखं जखमेचं तोंड लहान होतं. पोकळीतल्या द्रवातून फिरत्या पेशी येतात आणि एकमेकींना चिकटून तिथे बोळा तयार करतात.

आता कातडी. गांडुळाची बाह्यत्वचा म्हणजे पेशींचा एकच थर. उभ्या, खांबासारख्या पेशी, मधूनमधून चिकट स्राव सोडणाऱ्या. जखमेच्या काठावरच्या पेशी हा उभा आकार सोडतात. चपट्या होतात, पसरतात, आणि त्या बोळ्यावरून पुढे सरकू लागतात. एकेकट्या नाही, शेजारणीचा हात न सोडता, सलग चादरीसारख्या. वाटेत मेलेल्या पेशींचे अवशेष सापडले तर ते गिळूनही टाकतात.

आपल्याला वाटतं, जखम भरते म्हणजे नव्या पेशी तयार होतात. इथे सुरुवातीला तसं होत नाही. असलेल्याच पेशी ताणून जागा झाकली जाते. पेशींचं विभाजन त्यानंतर जोर धरतं. आधी झाकण, मग भरणा. मला तरी यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं.

[दृश्य: दोन्ही कडा भेटतात.]

समोरासमोरून आलेल्या कडा भिडल्या की सरकणं थांबतं. चपट्या पेशी पुन्हा उंच होऊ लागतात, स्राव सोडणाऱ्या पेशी परततात. सर्वांत शेवटी वरचं पातळ आवरण विणलं जातं: कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे थर, एकमेकांना आडवे. उजेडात गांडुळाच्या अंगावर जी इंद्रधनुषी झाक दिसते, ती या तंतूंमुळेच.

[दृश्य: तेच गांडूळ, पुन्हा मातीत शिरताना.]

शेपूट उगवलंच, तर त्याची नवी वलयं सुरुवातीला बारीक आणि फिकी असतात. जुनं अंग कुठे संपलं, ते नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं.