पुन्हा पुन्हा पडणारं तेच भयंकर स्वप्न: वहीत नवं कसं लिहायचं?

नमस्कार. झोपेवरच्या मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच होता: "ताई, एकच वाईट स्वप्न सारखं पडतं, काय करू?" कुणाला अपघाताचं, कुणाला आगीचं, कुणाला लहानपणी खाल्लेल्या माराचं. एका मुलीनं आईबद्दल लिहिलंय. आई किल्लारीच्या बाजूच्या. 30 सप्टेंबर 1993, लोक गणपती विसर्जन करून झोपलेले आणि पहाटे 3:56 ला जमीन हलली. त्या अजूनही चारच्या सुमाराला ओरडत उठतात. दगडमातीची भिंत अंगावर येताना दिसते म्हणे. तीस वर्षं उलटून गेली.

त्या कमेंटखाली कुणीतरी उत्तर दिलंय, "पहाटेचं स्वप्न खरं होतं, जपून राहा." असं लिहू नका हो. हात जोडून सांगते. आधीच घाबरलेल्या माणसाला आपण आणखी एक भीती देतो. पहाटेची स्वप्नं ठळक आठवतात त्याचं कारण साधं आहे. ज्या झोपेत बहुतेक स्वप्नं पडतात, ती 'रेम' झोप, तिचे टप्पे उत्तररात्री लांबत जातात. त्यातूनच जाग आली की सगळं डोळ्यांपुढे असतं. भिंत पडायची ती 1993 मध्येच पडली. हे स्वप्न पुढचं काही सांगत नाही.

नेहमीच्या गोष्टी भराभर सांगते. झोपायची वेळ ठरलेली ठेवा. दारूनं झोप लागते, पण सुरुवातीला दाबली गेलेली स्वप्नं पहाटे उसळून येतात. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही भयंकर स्वप्नं पडू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारा. गोळी आपली आपण बंद करू नका. आणि लहान मूल पहिल्या झोपेतच किंचाळून उठत असेल, सकाळी त्याला काही आठवत नसेल, तर तो प्रकार वेगळा. त्यावर स्वतंत्र बोलेन.

आता माझं सांगते. 26 जुलै 2005. त्या वेळी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मी आठवीत होते, आमची कुर्ल्याला तळमजल्यावर खोली होती. बाबा कामावर अडकलेले, दिवे गेलेले, आई आणि मी रात्रभर माळ्यावर बसून होतो. खाली गॅसची शेगडी बुडाली, मग डब्यांची पहिली फळी, मग दुसरी. आम्ही वाचलो, बाबा दुसऱ्या दिवशी चालत घरी आले. पण पुढे कितीतरी वर्षं, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मला तेच स्वप्न पडायचं: पाणी चढतंय आणि दार उघडत नाही. आजीनं मीठमोहरी ओवाळून टाकली. "भीमरूपी म्हणून झोप," म्हणाली. मी अजूनही म्हणते, मला त्यानं धीर येतो. तुम्हालाही येत असेल तर जरूर म्हणा. स्वप्न मात्र तेवढ्यानं थांबलं नाही.

पुढे समुपदेशनाचं शिक्षण घेताना एक पद्धत शिकले: इमेजरी रिहर्सल थेरपी. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्राको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या 168 स्त्रियांबरोबर ती वापरून पाहिली. 2001 मध्ये तो अभ्यास छापून आला. ज्यांनी ही पद्धत शिकून घेतली त्यांची दुःस्वप्नं कमी झाली आणि झोपही सुधारली. करायचं काय, तर दिवसा, नीट जागेपणी, एक स्वप्न निवडायचं. ते हवं तसं बदलायचं. बदललेलं वहीत लिहायचं. आणि रोज दहा-वीस मिनिटं ते नवं स्वप्न डोळ्यांसमोर आणायचं.

नवं. जुनं नाही. इथेच सगळं बिनसतं, म्हणून जरा थांबते.

एका दादांनी लिहिलंय, "महिनाभर रोज रात्री झोपण्यापूर्वी स्वप्न वहीत लिहितोय, त्रास वाढलाय." वाढणारच. त्यांनी अपघाताचं तेच स्वप्न रोज लिहिलं, ट्रकच्या दिव्यांसकट. तेही अंथरुणावर बसून. दादा, ते लिहिणं आजपासून थांबवा. वही सकाळी उघडा, आणि उघडाल तेव्हा फक्त नवं पान.

गाणं शिकणाऱ्यांना हे पटकन कळेल. एखादी जागा चुकत असेल आणि तुम्ही चुकीचीच घोटत राहिलात, तर चूकच गळ्यात बसते. मेंदूनं त्या भयाचा रियाज वर्षानुवर्षं केलेला आहे. आपल्याला दुसरी जागा घोटायची आहे.

"पण ताई, नवं आठवायला बसलं की जुनंच येतं." हो, येतं. मलाही यायचं. तेव्हा त्याच्याशी झगडत बसायचं नाही. डोळे उघडायचे, वहीतलं नवं स्वप्न पहिल्या ओळीपासून वाचायचं आणि पुन्हा सुरू करायचं. एका बैठकीत पाच वेळा असं झालं तरी चालेल.

(वही कॅमेऱ्यासमोर धरते.)

ही माझी. आधी मी लिहिलं होतं, "पाणी आलंच नाही." ते मनाला पटेना, कारण पाणी आलं होतं. मग दुसरं लिहिलं: पाणी चढतंय, मी माळ्यावर जाते, तिथे एक खिडकी आहे. खऱ्या माळ्याला खिडकी नव्हती. ती उघडली की आजोळचं सावंतवाडीचं अंगण, शेणानं सारवलेलं, कोरडं, आणि आई पुढे चालतेय. याला तर्क लागत नाही. लागतं ते एवढंच, की वाचताना तुमचा श्वास मोकळा व्हावा. काही आठवड्यांनी एका रात्री पाणी आलं आणि स्वप्नातच मला वाटलं, वर खिडकी आहे.

सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नानं करू नका. मधलं, जरा सौम्य घ्या. लिहिताना हातपाय गार पडले, घटना पुन्हा घडतेय असं वाटलं, तर वही मिटा आणि हे मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीनंच करा. मारणारा माणूस आजही घरात असेल तर आधी तुमची सुरक्षितता, स्वप्नांचं नंतर. वयस्कर माणसं झोपेत खरोखर लाथा-बुक्के मारत असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फोन मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

आता किल्लारीच्या आईंबद्दल. ताई, त्यांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून घ्या. दुपारी, चहा झाल्यावर. पडणाऱ्या भिंतीबद्दल खोदून विचारू नका. विचारा, "आई, त्या स्वप्नात तुला कुठे जाऊन बसावंसं वाटतं? तिथे कोण असावं?" त्या शेत म्हणतील, माहेर म्हणतील, गेलेल्या माणसांपैकी कुणाचं नाव घेतील. जे म्हणतील तेच, त्यांच्याच शब्दांत लिहा आणि रोज दुपारी त्यांना वाचून दाखवा. वाचताना त्या रडल्या तर वही बाजूला ठेवून हात धरून बसा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. कसं चाललंय ते मला इथेच कळवा, मी वाट बघतेय.