दोन टोल आणि आमचे दाजी

नमस्कार, श्रोतेहो. आज एका टगबोटीची गोष्ट. टग म्हणजे ओढणारी बोट. ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो तशी ही पाण्यात बार्ज, म्हणजे मालाची सपाट बोट, ओढते. नाव अर्जर. 1901 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये मासेमारीसाठी बांधलेली. 1920च्या दशकात न्यूयॉर्क राज्याने ती आपल्या ईरी कालव्यावर, म्हणजे बोटींनी माल न्यायच्या कालव्यावर, आणली आणि पुढची साठेक वर्षं ती गाळ काढणारी यंत्रं ओढत राहिली.

तिच्या इंजिनाला गिअर नाही. पुन्हा सांगतो, गिअर नाही. मागे जायचं तर इंजिन बंद करायचं आणि दाबलेल्या हवेच्या जोरावर उलटं सुरू करायचं. ते करणारा माणूस खाली इंजिनखोलीत. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. वरून कप्तान घंटा मारतो, तेवढंच त्याला कळतं. उभ्या बोटीत एक टोल म्हणजे पुढे. चालत्या बोटीत तोच एक टोल म्हणजे थांब. आणि दोन टोल म्हणजे मागे. लक्षात ठेवा, दोन म्हणजे मागे.

लेकाकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा कालव्याकाठच्या वॉटरफोर्ड गावच्या धक्क्याला ही बोट लागलेली. सोबत आमचे दाजी. 32 वर्षं एसटीत कंडक्टर. इंजिनखोलीचं दार उघडं होतं, आतून आवाज आला, टण् टण्. दाजी खूश. मला म्हणाले, "डबल बेल! सुटली गाडी." आणि रामराम करायला हात पुढच्या बाजूला हलवायला लागले. बोट हळूच मागे सरकली. दाजींचा हात तसाच वर. मग टण्, बोट थांबली. पुन्हा टण्, बोट पुढे निघाली. दाजी म्हणाले, "सिंगल बेलवर गाडी काढतो? मेमो मिळेल याला!" संध्याकाळी जेवतानाही तेच. (दोरीच्या घंटेची सर हल्लीच्या बटणाला नाही, हे मात्र मी दाजींच्याच बाजूने सांगेन. दोरी ओढली की अख्ख्या गाडीला कळायचं.)

कालव्याची मालवाहतूक रेल्वेने आणि ट्रकने आधीच खाल्ली होती. 1959 साली सेंट लॉरेन्स नदीतून समुद्र ते मोठी सरोवरं असा जलमार्ग झाला आणि मोठी जहाजं तिकडून जाऊ लागली. 1980च्या दशकात अर्जर कामावरून उतरली. 1991पासून गावोगावच्या धक्क्यांवर शाळेच्या मुलांना कालवा शिकवत फिरली. पुढे तेही थांबलं. तिला महामार्गाशेजारी जमिनीवर मांडून ठेवायचं ठरत होतं, तेव्हा बोटवाल्यांनी ओरड केली. दाजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "डेपोत लावा, पण पाण्यात लावा."